एक प्रभाग, एक नगरसेवक : निवडणुकीची पद्धत सरकारगणिक बदलू नये

प्रति,
मा. संपादक,
यांस स.न.वि.वि.

विषय : महापालिका निवडणुकीतील बहुसदस्यीय प्रभाग पद्धत

महोदय,

राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये एकदाच्या पार पडल्या. बहुतेक शहरांत २०२२ पासून प्रशासक कारभार पाहत होते. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत तर २०२० पासूनच लोकनियुक्त सभागृह नव्हते. महापालिकेची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असणार नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्टपणे लिहिलेले असताना ही वेळ आली, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. या विलंबाबद्दल वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले आहे. निकालांनंतर कोणाची युती टिकली, कोणाचा महापौर झाला, यावरही भरपूर चर्चा झाली. मात्र ज्या पद्धतीने आपण मतदान केले त्या पद्धतीविषयी, म्हणजे मुंबई वगळता इतर सर्व महापालिकांत लागू असलेल्या बहुसदस्यीय प्रभागांविषयी (एकाच प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडण्याविषयी), हवी तेवढी चर्चा झाली नाही. ती आता, पुढची निवडणूक दूर असताना व्हावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम या पद्धतीचा इतिहास नोंदवतो, कारण तो सलगपणे मांडल्याशिवाय त्यातील गांभीर्य लक्षात येत नाही. २००२ मध्ये महापालिका निवडणुका तीन सदस्यांच्या प्रभागांनी झाल्या. २००७ मध्ये एका वॉर्डातून एक नगरसेवक निवडला गेला. २०१२ मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग आले आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचे. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने कायदा बदलून पुन्हा एकसदस्यीय पद्धत आणली. त्याच सरकारने २०२१ मध्ये आपलाच निर्णय फिरवून तीन सदस्यांचा प्रभाग केला, आणि त्या पद्धतीने एकही सार्वत्रिक निवडणूक होण्यापूर्वी २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या सरकारने चार सदस्यांचा प्रभाग पुन्हा आणला. नगराध्यक्षांच्या बाबतीतही हेच घडले आहे. थेट जनतेतून निवड २००१ च्या सुमारास आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंचांची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद झाली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या प्रत्येक बदलाच्या वेळी विधिमंडळात कारणे दिली गेली, परंतु ही कारणे सरकार बदलले की बदलतात. शहरे तीच, लोक तेच, गटारे आणि रस्त्यांचे प्रश्नही तेच असताना, पाच वर्षांपूर्वी शहराच्या हिताची असलेली पद्धत अचानक अहिताची कशी ठरते, याचे उत्तर मतदाराला कधीच मिळालेले नाही. यात कोणत्याही एका पक्षाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी हे केले आहे. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारी विधेयके आली, तेव्हा सत्ताधारी व विरोधक दोघांनीही त्यांना साथ दिली, हे विसरता येत नाही. ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनीच मतदारसंघाचा आकार आणि त्यातील जागांची संख्या ठरवायची, ही गोष्ट मला लोकशाहीच्या मुळावर येणारी वाटते.

मी निवृत्त शिक्षक आहे. सेवेत असताना महापालिकेच्या निवडणुकांत मतदान केंद्रावर काम करण्याची जबाबदारी आमच्यावर नेहमीच असे. एकसदस्यीय आणि बहुसदस्यीय अशा दोन्ही पद्धतींच्या निवडणुकांत मी मतदान अधिकारी म्हणून टेबलामागे बसलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की सामान्य मतदाराला चार सदस्यांची पद्धत समजावून सांगणे हे वाटते तितके सोपे नाही. प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार बटणे दाबायची असतात. चौथे मत नोंदवले जाईपर्यंत शेवटचा लांब आवाज येत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडे आम्हाला काही दिसत नाही आणि दिसताही कामा नये. आम्ही फक्त त्या आवाजाची वाट पाहतो.

एक वयस्कर बाई आपल्या ओळखीच्या चिन्हासमोरचे बटण दाबून, हात जोडून बाहेर येऊ लागल्या. त्यांना थांबवून सांगावे लागले की अजून तीन बटणे राहिली आहेत. त्या म्हणाल्या, “ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं की हो मी.” केंद्राध्यक्षांनी त्यांना समजावले की बाकीच्या जागांसाठी कोणीही पसंत नसेल तर ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण दाबता येते, पण बटण दाबावे लागेल. त्या परत आत गेल्या. बराच वेळ शांतता होती. मग भराभर तीन आवाज आले आणि शेवटी तो लांब आवाज आला. त्या तीन मतांत विचार किती होता, हे मला ठाऊक नाही. पण रांगेतली माणसे कुरकुरू लागली होती आणि त्या घाईतच ती मते पडली, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. दिवसभरात असे प्रसंग वारंवार येत. शिकलेली माणसेही आत जाऊन विचारत, “चारही एकाच पक्षाला द्यायची असतात का?” या प्रश्नाला ‘नाही, प्रत्येक जागेसाठी तुम्हाला हवा तो उमेदवार निवडा’ एवढेच उत्तर देण्याची आम्हाला मुभा असते. पण मतदाराच्या मनात हा प्रश्न येतो, यातच या पद्धतीचा परिणाम दिसतो. साखर कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीत ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान करण्याची सवय असलेला आपला मतदार महापालिकेतही माणूस न पाहता पॅनेल पाहू लागतो.

आता या पद्धतीचे गणित पाहू. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्यक्षात एकाच क्षेत्रात चार स्वतंत्र लढती होतात. अ जागेवरचे उमेदवार फक्त अ जागेसाठी आपसात लढतात, ब जागेवरचे ब साठी, आणि प्रत्येक जागेसाठी संपूर्ण प्रभागातील मतदार मतदान करतात. त्यामुळे ज्या पक्षाला प्रभागात चाळीस टक्के मते आहेत आणि उरलेली मते इतरांत विभागलेली आहेत, तो पक्ष चारही जागा जिंकू शकतो. त्याच क्षेत्राचे चार वॉर्ड केले असते तर एखादी वस्ती, एखादी झोपडपट्टी, एखादे जुने गावठाण आपल्या पसंतीचा वेगळा माणूस निवडू शकले असते. मोठ्या प्रभागात त्या वस्तीचे मत इतरांच्या मतांत मिसळून जाते. ‘जास्त सदस्य म्हणजे सर्वांना प्रतिनिधित्व’ असे या पद्धतीचे समर्थन केले जाते, परंतु प्रत्यक्षात छोट्या गटांचे प्रतिनिधित्व तिने कमी होते.

आकड्यांत सांगायचे तर २०११ च्या जनगणनेनुसार, समाविष्ट गावे धरून, पुणे महापालिकेची लोकसंख्या ३५ लाखांच्या जवळपास आहे आणि १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडले जातात. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून अधिक लोक येतात. तेच १६५ वॉर्ड केले तर एका वॉर्डात सुमारे २१ हजार लोक येतील. मुंबईत २२७ एकसदस्यीय वॉर्ड आहेत आणि तेथील कारभार स्वतंत्र कायद्याने, १८८८ च्या अधिनियमाने चालतो. मुंबईसारख्या महानगराला एक वॉर्ड, एक नगरसेवक ही पद्धत चालते, तर उरलेल्या २८ शहरांना ती का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मी तरी ऐकलेले नाही. गुजरातमध्ये चार सदस्यांचे प्रभाग आहेत हे खरे, अहमदाबादेत ४८ प्रभागांतून १९२ नगरसेवक निवडले जातात. पण दिल्लीत २५० वॉर्डांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडला जातो, आणि तेथील पालिकेचा पसारा अहमदाबादेपेक्षा लहान नाही.

ऐंशी हजार लोकांपर्यंत पोहोचायचे तर उमेदवाराला पैसा आणि कार्यकर्त्यांची फौज लागते. अपक्ष म्हणून उभा राहणारा, वस्तीत वर्षानुवर्षे पाण्यासाठी, रेशनकार्डांसाठी धडपडणारा कार्यकर्ता त्या लढतीत टिकत नाही. त्याची ओळख दोन-तीन गल्ल्यांत असते आणि तेथेच ती खरी असते. एकसदस्यीय वॉर्डात तो सायकलवरून प्रचार करून निवडून येऊ शकत असे. अशी माणसे आपल्या सभागृहांत पूर्वी होती. ती आता कमी दिसतात, आणि त्याचे एक मोठे कारण ही प्रभागरचना आहे, असे माझे ठाम मत आहे.

निवडणूक झाल्यावर तर अडचण अधिकच वाढते. आमच्या गल्लीतील ड्रेनेजचे चेंबर तुंबून मैलापाणी रस्त्यावर वाहत होते, तेव्हा आम्ही काही रहिवासी लोकप्रतिनिधींकडे गेलो. एकांनी सांगितले की हा भाग दुसऱ्या सहकाऱ्यांनी वाटून घेतला आहे. दुसऱ्यांच्या कार्यालयातून कळले की यंदाचा त्यांचा निधी संपला आहे, तिसऱ्यांकडे विचारा. तिसरे दुसऱ्या पक्षाचे, त्यांनी ‘तुमच्या भागाने मला मते दिली नाहीत’ असे बोलून दाखवले नाही, पण काम पुढेही सरकले नाही. शेवटी क्षेत्रीय कार्यालयातील एका कनिष्ठ अभियंत्यांनी जेटिंग मशीन पाठवून चेंबर मोकळे केले. पुढे त्या रस्त्याचे काँक्रीटीकरण झाले तेव्हा मात्र फलकावर चौघांची छायाचित्रे होती. मी हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. चौघांपैकी दोघे तरी प्रामाणिक होते, हे मी जाणतो. परंतु जबाबदारी चौघांची असली की ती कोणाचीच राहत नाही, आणि पुढच्या निवडणुकीत मतदाराने कोणाला जाब विचारायचा हेही ठरवता येत नाही.

या संदर्भात आपल्या देशाचा आणि मुंबईचा जुना अनुभव आठवण्यासारखा आहे. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई प्रांतात झालेल्या निवडणुकांत काही मतदारसंघ बहुसदस्यीय होते, पण तेथे मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य समाजाला आपली मते एकवटून स्वतःचा प्रतिनिधी निवडता यावा, हे त्यामागचे तत्त्व होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पद्धतीचे समर्थक होते. त्या निवडणुकीत ते मुंबईतून निवडून आले. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ च्या लोकसभा निवडणुकीत ८६ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, पण मते एकवटण्याची सोय काढून टाकलेली होती. मतदाराला दोन मते, आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यावी लागत. उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात बाबासाहेबांचा पराभव झाला आणि त्यांनी समाजवादी नेते अशोक मेहता यांच्यासह त्या निकालाविरुद्ध अर्ज केला. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे व्ही. व्ही. गिरी यांचा पराभव झाला, कारण राखीव आणि सर्वसाधारण या दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार अधिक मतांनी निवडून आले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. यानंतर १९६१ मध्ये संसदेने कायदा करून दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द केले. तेव्हापासून लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही सभागृहांसाठी एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी हाच नियम आहे. देशाने सहा दशकांपूर्वी जी पद्धत अनुभवाअंती सोडली, तिचीच अधिक गुंतागुंतीची आवृत्ती आपण शहरांच्या पातळीवर चालवत आहोत, आणि तीही मते एकवटण्याच्या त्या एका गुणाशिवाय.

या पद्धतीच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, शिवाय अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आहे. एकसदस्यीय वॉर्डात सोडत निघाली की काम करणाऱ्या नगरसेवकाचा वॉर्ड आरक्षित होतो, त्याला बाहेर पडावे लागते, आणि पाच वर्षांनी तेथे निवडून आलेल्या महिलेचा वॉर्ड पुन्हा खुला होतो. प्रभाग मोठा असला तर दोघांनाही त्याच क्षेत्रात राहता येते, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय आरक्षणाच्या फेरपालटाचा कालावधी वाढवणे हा आहे. राज्यघटनेच्या २४३-टी या अनुच्छेदात जागा आळीपाळीने ‘देता येतील’ असे म्हटले आहे, प्रत्येक निवडणुकीत त्या बदलल्याच पाहिजेत असे म्हटलेले नाही. तमिळनाडूने आरक्षण सलग दोन मुदतींसाठी ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. तसे येथेही केले तर महिला नगरसेवकाला आपल्याच वॉर्डातून, आपल्या कामाच्या बळावर दुसऱ्यांदा उभे राहता येईल. आज चार सदस्यांच्या प्रभागात अनेक ठिकाणी महिला सदस्यांचा कारभार त्याच प्रभागातील पुरुष सहकारी किंवा घरातील पुरुष पाहतात, हे कोणत्याही क्षेत्रीय कार्यालयात तासभर बसले तरी दिसते. ज्या बाई स्वतः फायली वाचतात, आरोग्य निरीक्षकांना घेऊन पहाटे कचऱ्याचे ढीग पाहायला जातात, त्यांचे काम चौघांच्या नावावर वाटले जाते. त्यांना स्वतंत्र वॉर्ड मिळणे हा त्यांच्यावरील अन्याय नसून त्यांचा हक्क आहे.

‘मोठ्या प्रभागामुळे विकासाचा विचार व्यापक होतो’ या दुसऱ्या युक्तिवादावर फार शब्द खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. उड्डाणपूल, मलनिस्सारण प्रकल्प, पाणीपुरवठा योजना यांचे नियोजन संपूर्ण शहराच्या पातळीवर होते, प्रभागाच्या पातळीवर नव्हे.

आणखी एक तरतूद कागदावरच राहिली आहे. मतदारांनी आपल्या भागातील कामांविषयी एकत्र बसून चर्चा करावी, कामांचा प्राधान्यक्रम ठरवावा, यासाठी महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असावे अशी कल्पना आहे. गावांत ग्रामसभा भरते, तशी शहरात क्षेत्रसभा भरावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु चार नगरसेवकांच्या प्रभागात ती सभा कोणी बोलवायची आणि लोकांच्या प्रश्नांना कोणी उत्तरे द्यायची? एक वॉर्ड आणि एक नगरसेवक असला तर ही सभा शाळेच्या एखाद्या वर्गात भरू शकते.

ज्यांना बहुसदस्यीय प्रभाग हवाच आहे, त्यांच्यासाठी एक पर्याय उपलब्ध आहे आणि तो प्रामाणिक आहे. पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत आपण उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहून मतदान करतो. तीच पद्धत चार जागांच्या प्रभागासाठी स्वीकारली, तर ज्या गटाकडे प्रभागातील एकपंचमांशाहून अधिक मते आहेत त्याला एक जागा हमखास मिळते आणि कोणताही एक पक्ष चाळीस टक्के मतांवर चारही जागा घेऊ शकत नाही. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका अशाच होतात. राखीव जागांचा मेळ घालणे त्यात कठीण आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी स्वतः एकसदस्यीय वॉर्डाच्या बाजूने आहे. पण मोठा प्रभाग ठेवायचा आणि त्यातील प्रत्येक जागा पुन्हा सर्वाधिक मतांच्या नियमानेच भरायची, या आजच्या व्यवस्थेत दोन्ही पद्धतींचे दोष आहेत आणि एकीचाही लाभ नाही.

म्हणून राज्य सरकारकडे आणि सर्व पक्षांच्या आमदारांकडे माझ्या मागण्या आहेत. मुंबईप्रमाणे सर्व महापालिकांत एकसदस्यीय वॉर्ड पद्धत कायद्याने लागू करावी. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्यावेत. आरक्षणाचा फेरपालट दोन मुदतींनंतर करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवडणुकीच्या पद्धतीत यापुढे कोणताही बदल झाला तरी तो त्या वेळच्या सभागृहाच्या मुदतीनंतरच्या पहिल्या निवडणुकीला लागू न होता त्यापुढील निवडणुकीलाच लागू होईल, अशी तरतूद करावी. त्यामुळे बदल करणाऱ्याला त्यातून स्वतःचा तात्काळ लाभ साधता येणार नाही.

या मागण्यांना आत्ताच वेळ का आहे, तेही सांगतो. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तिचे आकडे आले की २०११ च्या लोकसंख्येवर आधारलेले आजचे प्रभाग तसेही नव्याने आखावे लागणार आहेत, कारण वाकड, खराडी, घोडबंदर यांसारखे भाग गेल्या पंधरा वर्षांत ओळखू न येण्याइतके वाढले आहेत. नकाशे पुन्हा काढले जातील, हरकती व सूचना मागवल्या जातील, सुनावण्या होतील. ते काम सुरू होण्याच्या आधी कायदा बदलला गेला तर नवे नकाशे एकसदस्यीय वॉर्डांचे निघतील. आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक शहरातील आमदारांना या प्रश्नावर त्यांची लेखी भूमिका विचारावी आणि ती नावानिशी छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व मतदार